ॲव्हिस पॉकॉकच्या घराखालची माती

इंग्लंडच्या विल्टशायरमधल्या हॅनिंगकोम गावात ॲव्हिस पॉकॉकच्या तोंडी कुणी लागत नसे. बाई चीज करायची, आणि तिच्या चीजला बाजारात मान होता. पण चीजपेक्षा जिभेचा दरारा मोठा. दुधात पाणी घालणाऱ्या शेजारणीला ती भर रस्त्यात म्हणाली होती, "तुझ्या गाईला एक दिवस वासराऐवजी मासा होईल गं!"

अशी ही बाई राजाचं नाव निघालं की मात्र मेणाहून मऊ व्हायची. चार्ल्स राजाला मुलगा झाला तेव्हा टेकडीवर मोठा जाळ पेटवला होता. तिने आपलं जुनं खुराडं स्वतः ओढत नेऊन त्यात टाकलं. रविवारी पाद्री व्हीटली चर्चमध्ये वाचून दाखवायचे, की राजा हा देवाने नेमलेला मुखत्यार आहे, त्याच्याविरुद्ध कुरकुर म्हणजे देवाविरुद्ध कुरकुर. ॲव्हिस मान डोलवायची. देव वर, राजा मध्ये, आपण खाली. पाऊससुद्धा वरूनच खाली येतो; त्यात वाद कसला?

पहिली ठिणगी पडली ती गोठ्यावरून. गोठ्यातल्या चिखलाने गाईंचे खूर कुजायला लागले, म्हणून तिने दगडी फरशी घालायचं ठरवलं. दगड येऊन पडले आणि पाठोपाठ गावचा कोतवाल आला.

"फरशी घालता येणार नाही, बाई. राजाची मनाई आहे."

"माझ्या गोठ्यात?"

"कुणाच्याच गोठ्यात नाही. गाईचं मूत मातीत मुरतं, त्याचा सोरा होतो. सोऱ्याची होते तोफेची दारू. फरशी घातलीस तर मुरणार कसं?"

"म्हणजे गाय माझी, गवत माझं, आणि मूत तेवढं राजाचं?"

कोतवालाला हसू आवरेना. पण फरशी काही झाली नाही.

दोन वर्षांनी, वसंतातल्या ओल्या दिवसांत, सोऱ्याची माती खणून नेणारे सोरेवाले आले. त्यांचा मुकादम हम्फ्री स्टॅग म्हणून एक धिप्पाड माणूस होता. राजाच्या सहीशिक्क्याचा कागद त्याने छातीशी असा धरला होता, की जणू खुद्द राजाच त्याच्या बंडीत बसलाय. त्यांनी ॲव्हिसचा गोठा कंबरभर खणला. गाई पावसात उभ्या. मग स्टॅगने घरातली चिमूटभर माती उचलून जिभेवर ठेवली, थुंकला आणि म्हणाला, "इथं तर आणखी चांगली आहे. पलंग उचला."

पलंगावर तिचा नवरा टोबायस होता. हा माणूस छपरं शाकारायचा. आदल्या हिवाळ्यात शिडीवरून पडला, तेव्हापासून त्याचे पाय गेले होते. त्याची लघवीची भांडी तिथेच भरायची, तिथेच कधी सांडायची. मातीला चव आली होती ती त्या दुखण्याची.

ॲव्हिस दारात आडवी आली. "आजारी माणूस आहे रे आत! लाज वाटू दे थोडी!"

"मला कशाला लाज, बाई? मी हुकमाचा ताबेदार. लाज वाटायची तर राजाला वाटायची, आणि राजाला विचारणारे आपण कोण?"

त्यांनी तिला दोन्ही दंडांना धरून बाजूला केलं. टोबायसला पलंगासकट उचलून अंगणात ठेवलं, वरून एक पोतं टाकलं. तो बिचारा तिलाच समजावत होता, "असू दे ॲव्हिस, असू दे, होईल त्यांचं लवकर." लवकर कुठलं व्हायला! चूल फुटली, भिंतीचा पाया उघडा पडला, आणि निघताना माती वाहायला शेजाऱ्यांच्या गाड्यासुद्धा राजाच्याच नावाने जुंपल्या. खड्डे तसेच. घराच्या मधोमध पाणी साचलं, त्यात बेडूक आले. टोबायसला खोकला लागला, आणि गवतकापणी सुरू व्हायच्या आत ॲव्हिसने त्याला मातीत ठेवलं.

पुरून आल्यावर ती सरळ पाद्र्याच्या घरी गेली. व्हीटली वाईट माणूस नव्हते. त्यांनी तिला खुर्ची दिली. ती बसली नाही.

"पाद्रीसाहेब, एकच विचारते. राजाचा हात तो देवाचा हात, असं तुम्ही सांगता ना?"

"पवित्र ग्रंथच सांगतो, बाई. सगळी सत्ता देवाकडून येते."

"मग माझ्या नवऱ्याला चिखलात देवानं ठेवलं?"

पाद्री हळूच म्हणाले, "राजा चुकला तर त्याचा जाब देव घेईल. प्रजेची हत्यारं दोनच, अश्रू आणि प्रार्थना."

"ती दोन्ही संपली माझी," ॲव्हिस म्हणाली. "आणखी एक सांगा. राजानं केलेलं सगळंच देवाचं, तर सैतानाला कामधंदा काय उरला? तो कुठं राहतो मग?"

"बाई, शब्द जपून वापर. मी ऐकलं नाही असं समजतो."

तिथून ती बाहेर पडली ती ताठ मानेने. रविवारी चर्चला जायची, बाकावर बसायची. पण मान डोलवणं संपलं होतं.

पुढच्या वर्षी स्टॅग पुन्हा आला, आणि या वेळी त्याची नजर चर्चवर होती. बायकांच्या बाकांखालची माती उत्तम असते असं तो चारचौघांत हसत सांगत होता: "प्रवचनं लांबतात, थंडी असते, म्हाताऱ्या-कोताऱ्या किती वेळ धरून ठेवणार?" त्याची माणसं खो खो हसली. ज्या बायकांनी त्या बाकांपाशी आयुष्यभर गुडघे टेकले होते, त्या तिथेच उभ्या होत्या. कुणाला वर बघवेना.

पाद्री व्हीटली दारात उभे राहिले. "हे देवाचं घर आहे! इथं कुदळ लागणार नाही!"

"राजाच्या तोफांची दारू आहे, साहेब."

"राजालाही मर्यादा आहे!"

गर्दीतून ॲव्हिस पुढे आली. सगळ्यांना वाटलं, आता ही पाद्र्याची खोड मोडणार. ती पायऱ्या चढली आणि त्यांच्या शेजारी उभी राहिली. "तुमच्यासाठी नाही आले मी," ती पुटपुटली. मग तिचा आवाज चढला, आणि तो अख्ख्या गावाने ऐकला.

"स्टॅग, तुझ्या राजाला देवानं नेमलं असेल तर असू दे. पण देवसुद्धा माझ्या घरात न विचारता शिरला नाही कधी. दार वाजवतो तो. जो दार फोडून येतो, आजाऱ्याखालची माती नेतो, त्याला आमच्या गावात दरोडेखोर म्हणतात. त्याच्या डोक्यावर मुकुट असो की फाटकी टोपी!"

स्टॅग गर्दीकडे वळून म्हणाला, "ऐकलंत ना सगळ्यांनी?"

ऐकलं होतं सगळ्यांनी. स्टॅगच्या माणसांनी चर्च खणलं ते खणलंच, आणि ॲव्हिसला राजद्रोही बोलण्याबद्दल न्यायाधीशासमोर उभं केलं. साक्षीला पाद्री व्हीटली. त्यांनी तिचा शब्द न् शब्द सांगितला, एकही खोटा नाही. फक्त त्या दारात तिच्या शेजारी आपणही उभे होतो, राजाला मर्यादा आहे हे आपणच आधी ओरडलो होतो, एवढं सांगायचं राहिलं. ॲव्हिस त्यांच्याकडे टक लावून बघत होती. त्यांनी एकदाही तिच्याकडे पाहिलं नाही.

बाजाराच्या दिवशी तिला चौकात लाकडी चौकटीत उभं केलं, मान आणि मनगटं अडकवून. तिच्या चीजची गिऱ्हाइकं समोर. एका दारुड्याने सडका कोबी मारला. बाकी कुणी हात उचलला नाही. दुधात पाणी घालणारी ती शेजारीण ओला फडका घेऊन आली, तिचं तोंड पुसलं आणि म्हणाली, "जीभ आवर गं बाई आता तरी."

"आवरते," ॲव्हिस म्हणाली. "आधी त्यांना कुदळी आवरू देत."

नंतर लढाई पेटली, राजा एकीकडे आणि पार्लमेंट दुसरीकडे. हॅनिंगकोमची माणसं दोन्हीकडून मेली. पार्लमेंटची सरशी झाली तसे सोरेवाले पुन्हा आले. मुकादम तोच, स्टॅग! केस पिकलेले, छातीशी कागद नवा.

"आता राजाचं नाव नाही, बाई," तो खुशीत म्हणाला. "आता जनतेच्या नावानं खणतो."

"जनता म्हणजे कोण?"

"म्हणजे... आपण सगळे."

"त्यात मी येते का?"

"येतेस की."

"मग मला कुणी विचारलं का नाही?"

स्टॅगने खांदे उडवले आणि गोठा खणला. राजाचं डोकं उडवल्याची बातमी आली, तेव्हा गावात कुणी रडलं, कुणी प्यायलं. ॲव्हिसने दोन्ही केलं नाही. ज्यांनी राजा मारला त्यांनी राजाची कुदळ तेवढी जपून ठेवली होती, आणि या गोष्टीचा तिला राजापेक्षाही जास्त संताप आला. मुकुट कुणाच्या डोक्यावर, यावर एवढी माणसं कापली गेली. आणि तिच्या उंबऱ्यावर येऊन विचारण्याची अक्कल कुणालाच आली नाही.

ती अक्कल आली, पण फार उशिरा. ॲव्हिसची पाठ वाकली होती, गाय एकच उरली होती. नवा कायदा झाला होता, की मालकाच्या संमतीशिवाय कुणाचीही जमीन खणायची नाही. एका सकाळी अनोळखी माणूस अंगणाबाहेर थांबला. डोक्यावरची हॅट काढून हातात धरली.

"बाई, तुमच्या गोठ्यातली माती हवी होती. खणू का?"

ॲव्हिसला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "काय म्हणालास?"

"खणू का? नको असेल तर जातो."

ती उंबऱ्यावर बसली. आत, जिथे टोबायसचा पलंग असायचा, तिथली जमीन अजूनही एका बाजूला खचलेली होती. ती म्हणाली, "गोठा खण. घरात पाऊल टाकायचं नाही. आणि खड्डा भरून जायचं."

त्याने दिवसभर खणलं. ॲव्हिस स्टूल टाकून समोर बसली, जेवायलाही आत गेली नाही. संध्याकाळी त्याने खड्डा बुजवला, फावडं गाडीत ठेवलं आणि निरोप घ्यायला वळला. ती उठली, गोठ्यात जाऊन मातीवर टाच मारून पाहिली. टाच आत रुतली.

"पोकळ आहे इथं," ती म्हणाली. "पुन्हा चोप."

त्याने मुकाट्याने फावडं पुन्हा खाली काढलं.