तापलेल्या विटांचं घर

माझ्या धाकट्या भावाच्या मृत्यूबद्दल मी नऊ वर्षं खोटं बोलत आलो. "हट्टी होता. मी ये, ये म्हणत होतो, आला नाही," असं मी इथल्या मराठी मंडळींना सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या, चहा घेतला आणि घरी गेले. एकानेही काही विचारलं नाही, याचा मला अजून राग आहे.

तो मॉन्ट्रियलला जुन्या लाल विटांच्या इमारतीत, सगळ्यात वरच्या मजल्यावर एकटा राहायचा. वर डांबराचं सपाट छप्पर, घरात एसी नाही. त्या जुलैत उष्णतेच्या लाटेच्या तिसऱ्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला.

"दादा, चार दिवस तुझ्याकडे येऊ का? बसने येतो. भिंतीला हात लाववत नाही."

मागच्या खेपेला त्याने माझ्या बायकोच्या वरणाला नावं ठेवली होती, बसने दोन तासांवरच्या कनाटातल्या आमच्या एसीच्या घराला दवाखाना म्हणाला होता. ते माझ्या डोक्यात होतं.

"नागपूरचा ना रे तू? मे महिन्यात भर दुपारी क्रिकेट खेळायचास. इथल्या उन्हाला घाबरलास? गोरा झालास की काय!"

तो हसला. मीही हसलो.

मी जन्मभर घरांच्या इन्सुलेशनचं काम केलं. वीट दिवसभर ऊन साठवते, संध्याकाळपासून ते घरात सोडते, आणि पुरतं सोडायच्या आत दुसऱ्या दिवशीचं ऊन चढतं, हे मी नव्या इंजिनियरांना शिकवत असे. नागपूरला आम्ही गच्चीवर पाणी मारून तिथेच झोपायचो. त्याच्या खिडक्या चार बोटंही उघडत नव्हत्या. हे मला फोनवर बोलतानाच कळत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा फोन. आवाज जड. "दादा, येऊ दे ना."

"पंखा लाव, आंघोळ कर. नाटकं नकोत."

त्याच्या दुसऱ्या दिवशी इमारतीच्या केअरटेकरला तो पलंगाशेजारी मेलेला सापडला.

त्याची मुलगी व्हँकूव्हरला असते. बाप हट्टाने मेला, असं मानून तिने त्याचा फोटोही लावलेला नाही. गेल्या महिन्यात मी तिला खरं सांगितलं.

"हाऊ मेनी टाइम्स डिड ही आस्क, काका?"

"दोनदा."

"डोन्ट कॉल मी अगेन."

ती आता माझा फोन घेत नाही, म्हणून इथे लिहितो. दोनदा नव्हे, तीनदा. तिसरा फोन दुसऱ्या फोनच्याच दिवशी संध्याकाळी आला होता. स्क्रीनवर त्याचं नाव पाहिलं, फोन पालथा घातला आणि जेवायला बसलो.