नेरूळला नेलेले कुरूप

साताऱ्याहून निघालो तेव्हा उजव्या पायाच्या करंगळीवर कुरूप होते आणि हातात त्याविषयीचे सात कलमी निवेदन. तहसीलदारांची स्थळपाहणी आठवड्यावर आली होती. आमची पाणंद (शेताकडे जाणारी सामाईक वाट) शेजाऱ्याने निम्मी नांगरली आहे. पाहणीत मी शेवटपर्यंत चाललो नाही, तर साहेबांना तो दाखवील तेवढेच दिसणार होते. म्हणून नेरूळला राहणाऱ्या भाचीने तिथल्या एका होमिओपॅथी डॉक्टरांची वेळ घेतली.

कळंबोलीनंतरचे रुंद, आखीव रस्ते पाहून नियोजनाचे कौतुक वाटले. पदपथांवर मात्र गाड्या उभ्या होत्या. महापालिकेला लिहायच्या पत्रासाठी त्यांचे क्रमांक टिपून घेतले.

दवाखान्यात जवळच्याच सारसोळे गावच्या एक कोळीणबाई टाच धरून बसल्या होत्या.

"बसा काका. कागद कसला हाय? ह्यो दवाखाना हाय, कोर्ट नाय."

"तक्रार लेखी असावी."

"माजी टाच तं तोंडीच बोंबलते!"

हसत त्यांनी डब्यातली तांदळाची भाकरी आणि सोडे (सुकवलेली कोळंबी) पुढे केले. सुक्या मासळीला मी आयुष्यभर विनाकारण नावे ठेवली, हे येथे नमूद करतो.

डॉक्टरबाईंनी निवेदन अथपासून इतिपर्यंत वाचले. माझा अर्ज माझ्यादेखत कोणी असा वाचल्याचे मला स्मरत नाही. मग झोप, तहान, मधुमेह, सारे विचारले.

"राग किती वेळा येतो?"

"कारण घडेल तितक्या वेळा."

"पाचव्या कलमात 'बूट निर्दोष' लिहिलंय, काका. ते मला मान्य नाही."

त्यांनी मला अनवाणी कागदावर उभे केले, पायाभोवती पेन्सिल फिरवली आणि आकृतीवर माझा बूट ठेवला. पाऊल दोन्ही बाजूंनी बोटभर बाहेर!

"गोळ्या देते. पण हा बूट असाच घासत राहिला तर गोळ्या काय करणार? आणि ब्लेड लावायचं नाही."

"पाहणीपर्यंत बरे होईल? लेखी द्याल?"

"तोंडीसुद्धा नाही. रुंद चपला घाला, चालता येईल."

खोटे आश्वासन न देणारी व्यक्ती भेटली, एवढ्यानेच हा प्रवास सार्थ झाला. चपला तिथल्याच बाजारात घेतल्या.

पाहणीच्या दिवशी कुरूप दुखत होते, पण सोसवेल इतकेच. श्रेय गोळ्यांचे किती आणि चपलांचे किती, याचा पुरावा नसल्याने दावा करीत नाही. बाभळींपाशी शेजारी थांबला.

"अण्णा, हितनं फुडं काटं हायती. तुमच्या पायाला झेपायचं न्हाय."

मी पुढे झालो. साहेब माझ्यामागून आले.