पडवीतलं गोडं पाणी

हे मी नवऱ्यालाही सांगितलं नाही. शेवटच्या आजारपणात तो माझ्याकडे बघत पडून असायचा, मी पायाशी बसलेली असायची, घरात तिसरं कुणी नसायचं — तेव्हाही नाही. देवापुढे हात जोडले तरी एवढं सोडून बाकीचं सगळं बोलत आले. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. उद्या रस्त्यात भेटलात तरी तुमच्या नजरेला नजर द्यावी लागणार नाही.

कुठून सुरुवात करू? टाक्यापासूनच करते.

माझं माहेर जोह्याचं. वडील गणपती घडवायचे. घरामागे विहीर होती, आणि पाणी जपून वापरायचं असतं हे मला लग्नापर्यंत माहीतच नव्हतं. लग्न होऊन आले ती पेणच्या खारेपाटात. एका अंगाला भातखाचरं, दुसऱ्या अंगाला मिठागरं, आणि खाडीचं पाणी अडवायला मातीचा बांध. प्यायला गावात एकच तळं. चैत्र लागला की त्याचा तळ दिसायचा आणि बायका टँकरची वाट बघत बसायच्या.

पण आमच्या घराला टँकरची वाट बघावी लागली नाही. ते सासऱ्यांमुळे. त्यांनी पडवीत जमिनीखाली टाकं खणलं होतं. पावसाळ्यात कौलांवरचं पाणी पन्हळीतून आत यायचं, ते पुढच्या पावसापर्यंत पुरायचं. टाक्याचा काठ त्यांनी जमिनीपासून हातभर उंच बांधला आणि वर लाकडी झाकण बसवलं. खणताना सगळं घर राबलं होतं. माझी धाकटी जाऊ कुंदा तेव्हा नवीनच लग्न होऊन आली होती. हातातला हिरवा चुडा सांभाळत तिने मातीच्या पाट्या वाहिल्या. मला तेव्हा दिवस गेले होते, म्हणून माझ्या वाटच्याही तिनेच वाहिल्या.

सासरे म्हणायचे, "दुसऱ्याच्या दारात उभं राह्याची पाळी येऊ नये. बस, आणखी काय नको." त्यांच्या हाताखाली मी तयार झाले. कणगीत वर्षाचा तांदूळ, मडक्यांत सुकट आणि बोंबील, माळ्यावर गोवऱ्या आणि सरपण, रॉकेलचा डबा, कंदील, दोरखंड, मेणकापडात गुंडाळलेल्या काडेपेट्या. काही झालं तरी माझं घर बसून खाईल, याचा मला फार अभिमान होता. अभिमान म्हणते — पण तो अभिमानच होता का? कुंदाच्या घरात असं काही नसायचं. सासरे गेल्यावर भाऊ वेगळे झाले, घरात मधे भिंत आली, पडवी आणि टाकं आमच्या वाट्याला आलं. पाणी दोघांनी घ्यायचं, असं ठरलं होतं. ती हंडा घेऊन यायची, हसायची, दोन गोष्टी बोलायची, भरून न्यायची. मी झाकण उघडून द्यायचे, आणि मनात म्हणायचे — आज हिचे तांदूळ संपले असतील, उद्या मीठ संपेल. ही कधी शिकणार?

कुंदाला बरीच वर्षं मूल नव्हतं. माझा विलास चालायला, बोलायला लागला तरी तिची कूस रिकामीच. मग एकदाची राहिली. पोट दिसू लागलं तेव्हा ती पदर सारखा करायचं निमित्त करून त्यावर हात फिरवायची. मी बघायचे.

त्या उन्हाळ्यात पौर्णिमेच्या उधाणाला भर दुपारी बांध फुटला, मोठी खांड पडली.

आवाज आला, मग ओरडा, आणि बघता बघता खाडी गावात शिरली. पडवीत गुडघ्याच्या खालपर्यंत पाणी चढलं. मी विलासला माळ्यावर बसवलं आणि टाक्याच्या काठाकडे बघत उभी राहिले. पाणी काठापर्यंत चढलं, पण वरून गेलं नाही. ओहोटीला उतरलं. मी झाकण काढलं, ओंजळ भरून तोंडात घेतली. गोडं! मी तिथेच चिखलात बसून रडले.

गावाचं तळं मात्र गेलं. खारं, गढूळ झालं. रस्त्यावर एवढा चिखल की टँकर यायची सोय नाही. गावातले पुरुष खांड बुजवायला गेले. माझा नवरा तेव्हा उरणकडच्या मिठागरावर होता, त्याला कळायलाच वेळ लागला. घरात मी आणि विलास.

सकाळी कुंदा हंडा घेऊन आली. दारातूनच म्हणाली, "बाय, टाकं कसं हाय गो?"

मी तिच्याकडे बघितलं. तिच्या मागे गल्लीत आणखी बायका उभ्या होत्या, रिकामी भांडी घेऊन. आणि मी म्हणाले, "गेलं गो. खारट झालं."

आधी ठरवलं होतं का? नाही. पण तोंडातून गेलं तेव्हा मला दचकायलाही झालं नाही. हे मी तुम्हाला मुद्दाम सांगते आहे.

कुंदा म्हणाली, "थोडं खारट असलं तरी चालंल. भात तरी शिजंल. बघू दे."

मी म्हटलं, थांब, आणते. आत गेले. तांब्यात पाणी घेतलं — गोडं पाणी. मिठाची बरणी शेजारीच होती. मूठभर मीठ घातलं, बोटांनी ढवळलं, बोटं पदराला पुसली. बाहेर येऊन तांब्या तिच्या हातात दिला.

तिने घोट घेतला, थुंकला. आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "तुझंपण गेलं गो, बाय. एवढं जपलंस तू."

ती माझं सांत्वन करत होती.

तुम्ही म्हणाल, घाबरली असेल बिचारी. सगळा गाव दारात, लहान पोर पदराला. भीती होती, खोटं कशाला सांगू. पण कुंदाला भिंतीपलीकडून एक कळशी दिली असती तर कोणत्या गावाला कळणार होतं? नाही — मला वाटलं होतं की मी साठवलं आहे, यांनी साठवलं नाही. एवढंच वाटलं होतं. टाक्यासाठी माती कुणी वाहिली, ते त्या क्षणी माझ्या मनाला शिवलंसुद्धा नाही.

आणि त्याच दिवशी मी गावाला तांदूळ वाटला. हो. कणगी उघडली, ज्याच्या घरात पाणी शिरून धान्य भिजलं त्याला पायली-पायलीने दिला, सुकट दिली, काडेपेट्या दिल्या. बायका म्हणाल्या, हिच्यासारखी हीच. तो तांदूळ शिजवायचा कशात, हे मी कुणाला विचारलं नाही.

पाणी मी दुपारी काढायचे, बायका पाण्याला गेल्या की. पोहऱ्याला फडकं गुंडाळायचे, काठाला लागून वाजू नये म्हणून. विलासला सांगून ठेवलं होतं, "कुणी विचारलं तर खारट म्हणायचं." त्याने मान हलवली. नंतर एका म्हातारीने त्याला विचारलं, तेव्हा तो माझ्याकडे बघून "खारट" म्हणाला. मला हायसं वाटलं. आपलं पोर खोटं बोलायला शिकलं, आणि आईला हायसं वाटलं!

हायवेकडच्या गावात गोड्या विहिरी होत्या. बायका बांधावरून, खांडीच्या चिखलातून तिकडे जायच्या. कुंदा मला बोलवायला आली. मी म्हटलं, पोराला कुठे ठेवू? ती म्हणाली, "तू ऱ्हा घरात. मी आणते दोघींचं."

ती परत आली तेव्हा डोक्यावर हंडा आणि कमरेवर कळशी होती. कळशी तिने माझ्या दारात ठेवली. चेहरा लाल झाला होता. "विलासला पाज आधी," म्हणाली, आणि भिंतीला टेकून दम खात उभी राहिली.

तेव्हा सांगता आलं असतं. आजपर्यंतच्या सगळ्या आयुष्यात तो एक क्षण असा होता की नुसतं झाकण उघडायचं होतं. ती चिडली असती, रडली असती, महिना-दोन महिने बोलली नसती. बस.

मी कळशी आत नेली. ती ओतायला घरात रिकामं भांडं नव्हतं — सगळी भरलेली होती. म्हणून तिचं पाणी मी टाक्यात ओतलं, आणि कळशी परत दिली.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली. त्याच्या पुढच्या दिवशीही. मी दारातून तिला जाताना बघितलं. थांब म्हणाले नाही.

खांडीपाशी ती घसरली. पुरुषांनी उचलून आणेपर्यंत तिच्या लुगड्याला रक्त लागलं होतं. मी धावत गेले. तिचे ओठ पांढरे पडले होते. मला बघून म्हणाली, "बाय, तुझी कळशी सांडली गो."

हेच तिचे शब्द.

बाजेवर घालून चिखलातून तिला नेलं, मग पुढे मिळेल त्या गाडीने पेणच्या दवाखान्यात. मी सगळा वेळ तिच्याबरोबर होते. डॉक्टरांनी शिकस्त केली, म्हणून ती वाचली. मूल वाचलं नाही. मुलगा होता. कुंदाचा नवरा, हरीभावजी, बाहेर पायरीवर बसले होते, त्यांना मीच जाऊन सांगितलं. पुढे मूल होणार नाही, हेही मीच सांगितलं. ते म्हणाले, "वैनी, तुम्ही होता म्हणून कुंदा तरी हाताला लागली."

ती घरी आली तोवर टँकर यायला लागला होता. तिचं सगळं मी केलं. अंग चोळलं, पेज भरवली, केस विंचरले. टाक्यातलं पाणी उकळून, गार करून तिला पाजलं — टँकरचं म्हणून. गावाला वाटलं, जावा असाव्यात तर अशा. मी करत होते ते प्रेमाने की भीतीने, मला आजही धड सांगता येणार नाही. पाऊस आला तेव्हा टाक्यात पाणी उरलेलं होतं.

पुढचं फार नाही. नवरा गेला, हरीभावजी गेले. विलास रोह्याला कंपनीत लागला, तिथेच शेजारच्या अष्टमी गावात घर घेतलं, आणि आम्हा दोघींना घेऊन आला. काकीशिवाय त्याचं पान हलत नाही. शिफ्टवरून आला की आधी तिच्या खोलीत जातो. तिने त्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं; मी अडवलं नाही. मला वाटायचं, तेवढं तरी तिच्या वाट्याला जाऊ दे. म्हणजे बघा — माझा मुलगा मी तिला वाटून दिला, आणि त्यातही हिशेबच केला.

एका पावसाळ्यात कुंडलिका नदी चढली आणि नळाला पाणी येईना. विलासने घरात पिंप भरून ठेवलं होतं. दार सताड उघडून तो आळीतल्या सगळ्यांना पाणी द्यायला लागला. मी सवयीने बोलून गेले, "आपल्याला उरंल ना रे?"

त्याने हातातली बादली खाली ठेवली. माझ्याकडे बघितलं. मग हळू आवाजात म्हणाला, "आई, तू आत जा."

त्याला आठवतं का? किती लहान होता तेव्हा. मी कधी विचारलं नाही. त्यानेही पुन्हा विषय काढला नाही.

कुंदा अजून आहे. डोळ्यांना कमी दिसतं, पण स्वयंपाकघर सोडत नाही. आल्या-गेल्याला सांगते, "मला थोरली भैन नव्हती, देवानं ही दिली." मी हसते. असं सांगताना ती माझा हात हातात घेते, आणि मी तो काढून घेत नाही.

मी तिला सांगणार नाही. या वयात तिला धक्का नको, म्हणून गप्प राहते, असं म्हणू शकले असते. कितीतरी वेळा स्वतःला तसंच समजावलं आहे. ते खरं नाही. सांगितलं तर ती मला एकटं टाकील, याची मला भीती वाटते. म्हातारपणी मला तीच हवी आहे. तेव्हा पाणी हवं होतं, आता ती हवी आहे.

रोज दोन्ही वेळा पानं वाढली की ती मला हाक मारते. मी जेवायला बसेपर्यंत घास घेत नाही. मी जाते, तिच्या शेजारी बसते, आणि जेवते.