ताटवाले डॉक्टर आणि माझं वजन

हर्नियाचं ऑपरेशन नीट पार पडावं म्हणून मी वणीच्या देवीला महिनाभराचा उपास बोललो, आणि तो पाळलाही.

गाठ होती ताटवाल्या डॉक्टरांशी. नव्वदच्या दशकात नाशिक रोडला त्यांचा दवाखाना होता. स्वतः काडीसारखे, पण पेशंटची जखम बघण्याआधी त्याचं ताट बघायचे. "अंगात काही नसेल तर टाके धरतील कशाला?" म्हणत अशक्त माणसाला ते चक्क घरी पाठवत. मलाही त्यांनी वजन वाढवून यायला सांगितलं होतं. चहा-साबुदाण्यावर ते आणखी उतरलं. इकडे रजा तर मंजूर झालेली. मग मी घरातली झाडून सगळी कुलुपं खिशांत कोंबली आणि काट्यावर उभा राहिलो. "बरी तब्येत केलीस," डॉक्टर म्हणाले. मी लाजलोसुद्धा!

ऑपरेशन झालं आणि टाक्यांतून पू यायला लागला. ताप हटेना. "जखम भरली नाही तर पुन्हा उघडावी लागेल," डॉक्टर म्हणाले. हे ऐकून माझी बायको, मूळची सिन्नरची, रडत सगळं बोलून गेली, "ह्यांनी लय उपास केले डॉक्टर, अन् वजनाला खिशात कुलपं घातली व्हती!"

डॉक्टरांनी माझी नाडी धरली. "कुलपांची तब्येत कशी आहे आता?"

दुसऱ्या दिवसापासून अंडी, उसळ, दूध, वरण. मी कण्हत म्हणालो, "डॉक्टर, डाळीने पू होतो म्हणतात."

"मग तुला कशाने झाला? महिनाभरात डाळ बघितली तरी होतीस का? इंजेक्शनं मी देतो, पण जखम भरायचं सामान तुझ्याच अंगातून यायचंय. गीळ."

रोज ते आधी माझा डबा उघडायचे, मग पट्टी. उसळ उरलेली दिसली की वॉर्डभर ऐकू जाईल असा माझा उद्धार व्हायचा. शेजारचा पेशंट तर ती करमणूक बुडेल म्हणून घरी जायला तयार नव्हता. पण ताप उतरला, आणि पुन्हा न उघडता जखम हळूहळू भरली.

डॉक्टर जाऊन आता बरीच वर्षं झाली. अजूनही आमच्याकडे कुणाचं ऑपरेशन ठरलं, की मी आधी त्याला जेवायला बोलावतो.

शेवटची पट्टी काढली त्या दिवशी बायकोने विचारलं, "डॉक्टर, आता ह्यांना काय पथ्य?"

"खाण्याचं काही नाही, सूनबाई. फक्त डोकं चालवू देऊ नका."