ह्यांच्या मशीनचं अर्थिंग

आमचे हे जिवंत असताना त्यांच्या मातीला बावीस माणसं येऊन गेली, आणि त्या सगळ्यांना बोलावणं माझंच होतं.

माझा तसा वाईट हेतू नव्हता. (काही लोकांना अजून वाटतं होता म्हणून, पण नव्हता.) ह्यांनी तीस वर्षं एस.टी. चालवली, तीही ताम्हिणीच्या घाटातनं. तीस वर्षं माणूस इंजिनाला मांडी लावून बसला. रिटायर झाल्यावर म्हणाले, आता घरात निवांत गाणं ऐकायचं, आणि गाण्याच्या मागं दुसरं काही नको. तेव्हा तळ्याकडचं एक हॉटेल बंद पडून तिथलं सामान विकायला काढलं होतं. त्यातनं हे अँप्लिफायर, रेकॉर्ड लावायची मशीन आणि माझ्या छातीएवढे दोन स्पीकर घेऊन आले. मी विचारलं, आता देवघर कुठं हलवू? तर म्हणाले, आधी स्पीकर बसू देत, देव सांभाळून घेतात.

मशीन लावली आणि गाण्याच्या मागं इंजिन सुरू झालं. घूंऽऽ! सनईमागं घूं, भजनामागं घूं. शेजाऱ्यांनी विहिरीवरची मोटार लावली की ती घूं चढाला लागल्यासारखी मोठी व्हायची. हे स्पीकरला कान लावून म्हणायचे, "सेकंड गिअरमधी हाय."

अशी सात-आठ वर्षं गेली, आणि मग ह्यांचं हृदयच दमलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की आता इथं ठेवण्यात अर्थ नाही, घरी न्या आणि जे आवडतं ते द्या. मला वाटलं पुरणपोळी मागतील, फार तर मटण. ह्यांनी गाडीतनं उतरता उतरताच सांगितलं, "रफीकला बोलाव. जायच्या आदी एकदा ती घूं बंद झाल्याली ऐकायची हाय."

(बंद झालेली घूं ऐकतात कशी, हे मी विचारलं नाही. त्या दिवसांत मी बरंच काही विचारत नव्हते.)

रफीक म्हणजे पौडच्या बाजारातला वायरमन, ह्यांना काका म्हणणारा. त्यानं सगळे बोर्ड उघडले आणि मला म्हणाला, "काकी, ह्या घराला अर्थिंगच न्हाई. ती हिरवी तार भिंतीत शिरलीया आन् भिंतीतच संपलीया." वीज साफ मिळाल्याशिवाय मशीन साफ बोलणार नाही, असं त्याचं म्हणणं. मशीनला मीटरपासून वेगळी तार ओढायची, आणि अंगणात सहा फूट खड्डा घेऊन तांब्याची पट्टी पुरायची. पट्टीभोवती एक थर कोळशाचा, एक थर मिठाचा, असं वरपर्यंत.

आता इथं एक सांगायला पाहिजे. आम्ही गोसावी. आमच्यात माणूस गेला की जाळत नाहीत. मांडी घालून खड्ड्यात बसवतात, भोवतीनं मीठ भरतात आणि माती देतात. रफीकला हे ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं, पण मी तेव्हा अर्थिंगच्या नादात!

खड्डा खणायला मारुती आला. आमच्यातले सगळे खड्डे तोच खणतो, त्यामुळं त्याच्या हाताला एकच माप. रफीकला हातभर रुंद पाहिजे होता, मारुतीनं घेतला माणूस मांडी घालून ऐसपैस बसेल असा. रफीक वैतागला, तर मारुती शांतपणे म्हणाला, "असू दे की. आत्ता न्हाई लागला तर मागनं लागंल." हे खिडकीशी पडून होते, ते हसले. मी हसले नाही.

कोळसा पुरेसा होता, मीठ कमी पडलं. तेवढ्यात माझ्या नणंदेचा, भागीरथीवन्संचा, ताम्हिणीकडनं फोन आला. एरवी मी फोनवर बोलायला लागले की बॅटरी आधी संपते. पण सकाळपासून ह्यांनी पेजेचा घोटसुद्धा घेतला नव्हता, मी चुलीमागं बसून रडून आले होते आणि घसा पार बसला होता. वन्संनी विचारलं, दादा कसा हाय? मी म्हणाले, "वन्सं, खड्डा खणून झालाय. मीठ तेवढं कमी पडतंय."

आयुष्यात पहिल्यांदा मी मोजकं बोलले, आणि त्याचं हे असं झालं!

दोन तासांत दारात टेम्पो. बावीस माणसं, बेलाची पानं, भगवं कापड आणि पाच पोती मीठ. खड्ड्यातनं मारुतीचं नुसतं मुंडासं दिसत होतं. ते बघून वन्संनी काठावरच बसकण मारली आणि गळा काढला. माझा दादा देवमाणूस, कधी कुणाला उलटून बोलला न्हाई, इथवर ठीक होतं. मग त्या माझ्यावर आल्या. ह्या बायकोनं बोलबोलून त्याचं डोकं पोखरलं, एक घास सुखानं खाऊ दिला न्हाई, त्या मशीनवरनं त्याला किती टोचलं! मी थांबवायला गेले, तर दोघीतिघींनी मला धरून खाली बसवलं आणि माझ्या पाठीवरनं हात फिरवायला लागल्या. मी म्हणतेय, अहो, ते आत आहेत. त्या म्हणतायत, व्हय गं बाई, कळतंय आमाला, आतच हायेत, तू पानी पी.

शेवटी खिडकीतनं आवाज आला. "भागे, थांबू नगंस. वहिनीचं अजून लई ऱ्हायलंय."

एका म्हाताऱ्यानं हात जोडून "ओम नमो नारायण" म्हटलं, ते नमस्कार म्हणून की भ्यायल्यामुळं, देव जाणे. वन्सं उठल्या, खिडकीचे गज धरून भावाकडं बघत राहिल्या, आणि मग रडल्या. आधीचं रडणं रीतीचं होतं, हे तेव्हा समजलं. ह्यांचा चेहरा बघून त्यांच्या लक्षात आलं, की आपण काही फार लवकर आलेलो नाही.

पाचही पोती अर्थिंगात गेली. (ते मीठ माघारी न्यायला कुणाचा हात होईना, आणि मारुतीचं माप बघता तेवढं लागलंही.) आलेल्या माणसांनी चहा घेतला, थर पायांनी दाबले, वरनं घागरी ओतल्या. रफीकनं तार जोडली आणि मशीनचं बटण दाबलं.

काही नाही. घूं नाही, खरखर नाही. मशीन चालू आहे की नाही, तेच कळेना. मग सुई टेकली आणि सनई लागली. ह्यांनी डोळे मिटले. मी म्हणाले, ऐकलंत का, किती स्वच्छ येतंय, मला वाटलं होतं रफीक उगाच खर्चात पाडतोय, आणि तो कोळसा तर...

हे डोळे न उघडता म्हणाले, "घूं गेली. आता तू तेवढी ऱ्हायलीस."

पुढं नऊ दिवस रोज सकाळी सनई लागायची आणि मी तोंडाला पदर लावून शेजारी बसायचे. नवव्या दिवशी मधेच सूर खाली बसायला लागला, दम लागल्यासारखा. बघते तर आमचीच पाण्याची मोटार मी लावून विसरले होते, आणि व्होल्टेज पडलं होतं. त्याला बिचारं अर्थिंग काय करणार! ह्यांच्या कपाळाला आठी पडली. मी त्यांचा हात सोडून उठले आणि म्हणाले, "थांबा, मोटार बंद करून आले."

परत आले तेव्हा सनई सुरात लागली होती. हे गेले होते.

संसाराची सेहेचाळीस वर्षं मला वाटत होतं, जगात माझं सगळं बोलणं ऐकून घेणारा एक तरी माणूस आहे. त्याला मी फक्त 'थांबा' म्हणाले, तर तेवढंही ऐकलं नाही. आता एकटी बसले की शंका येते, आधीची सेहेचाळीस वर्षं तरी हा माणूस माझं ऐकत होता का!