लाल गाडीवरचा आरोप

पाचपैकी दीड. एवढेच गुण मी त्या खेळाला दिले होते आणि तेही जिवावर आल्यासारखे.

खेळ गाड्यांच्या शर्यतीचा, टीव्हीला जोडायच्या कन्सोलवरचा. एका मराठी दैनिकाच्या रविवार पुरवणीच्या संपादकांनी तो माझ्याकडे परीक्षणासाठी पाठवला होता. शनिवारी पाच वाजेपर्यंत सहाशे शब्द द्यायचे आणि ते आवडले तर दर रविवारी व्हिडिओ गेमवरचं सदर माझं. कॉलेजात असल्यापासून मी भेटेल त्याच्याशी भांडत आले होते, की सिनेमावर लिहिता, नाटकावर लिहिता, मग खेळांनीच काय घोडं मारलंय? आता ती जागा समोर चालून आली होती आणि मला ती कुठल्याही परिस्थितीत हवी होती.

लग्न होऊन दिग्रसला आले तेव्हा सामानात कन्सोल होता. सासरी पहिले काही दिवस सगळ्यांना तो डिशचा नवा डबा वाटला. नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये नोकरीला, तो दिवसभर बाहेर. त्यामुळे पुढच्या खोलीत दुपारी मी, टीव्ही आणि पलंगावर पडून पेपर वाचणारे मामाजी, म्हणजे माझे सासरे, एवढेच असायचो. ते बघायचे, पण कधी काही विचारलं नाही.

या खेळात खऱ्या गाडीसारखं काही नसतं, आणि तीच तर मजा. गिअर नाही, पेट्रोल नाही. गाडी दरीत कोसळली तरी दोन सेकंदांत पुन्हा रस्त्यावर. वळणावर ब्रेक नुसता टेकवायचा, की गाडी आडवी घसरत वळते आणि वळून निघताना बाणासारखी सुटते. दोन दिवसांत मी अकरा रस्ते जिंकले. बारावा डोंगरातला, तीन फेऱ्यांचा. तिथं एक लाल गाडी होती. तिसऱ्या फेरीत मी तिच्या चांगली पुढे असायचे, बोगद्यात शिरायचे आणि बाहेर पडते तो काय, ती माझ्यापुढे. एकदा नाही, एकोणीस वेळा.

माझं डोकं फिरलं. माझं डोकं लवकर फिरतं, हे माहेरी आणि सासरी दोन्हीकडे मान्य आहे. हरायला लागला की खेळ स्वतःच्याच गाडीला गुपचूप पुढे ढकलतो, अशी माझी खात्री पटली. मी लिहिलं, ‘हा खेळ बेइमान आहे. तो तुमच्याशी शर्यत लावत नाही, तुम्हाला फसवतो.’ वाक्य इतकं झकास उतरलं होतं, की मी ते तीनदा वाचलं आणि शनिवारी सकाळी अकरा वाजताच परीक्षण पाठवून दिलं.

जेवणं झाल्यावर मी पुन्हा तोच रस्ता लावला. पाठवून झालं होतं, पण राग गेला नव्हता. विसाव्यांदा हरले तेव्हा पलंगावरून मामाजींनी पेपर खाली केला आणि विचारलं, की तू रस्ता पाहिला होता का. मी म्हटलं, वीसदा गेलेय मामाजी, पाठ झालाय.

“पळवला वीसदा. पाहला कवा?”

मामाजी पंचवीस वर्षं शंकरपटात जोडी हाकायचे. शंकरपट म्हणजे आमच्याकडची बैलजोड्यांची शर्यत. गुडघ्यांनी साथ सोडल्यावर हाकणं सुटलं, पण आसपास कुठंही पट भरला तरी ते बघायला जातातच. पटाच्या दिवशी सकाळी ते एकटेच जाऊन धाव, म्हणजे जोड्या पळायची पट्टी, पायी बघून यायचे, आणि तीही उलटी. जिथं जोडी थांबते तिथून सुरू करायचं आणि जिथून सुटते तिथं यायचं. पळताना जो खड्डा दिसत नाही तो उलटं चालताना दिसतो, असा त्यांचा हिशेब. न पाहिलेल्या धावेवर त्यांनी जोडी कधी सोडली नाही.

त्यांनी हात पुढे केला. मी कंट्रोलर दिला, कोणतं बटण कशाचं ते सांगितलं. झेंडी पडली, सगळ्या गाड्या भुर्रकन गेल्या. मामाजींनी आपली गाडी जागच्या जागी फिरवली आणि उलट दिशेनं बैलगाडीच्या चालीनं निघाले.

पडद्यावर मोठ्या तांबड्या अक्षरांत इशारा लुकलुकायला लागला. मी सांगितलं, तुम्ही उलटे चाललात असं म्हणतोय तो.

“त्याले म्हणा, मी पाहून राह्यलो.”

मला हसू आवरेना. समोरून गाड्या अंगावर येत होत्या आणि मामाजी रस्त्याच्या कडेला होऊन एकेकीला वाट देत होते. बोगदा आला. तो त्यांनी उलटा पार केला आणि पलीकडे एक लाकडाची वखार होती तिच्यापाशी गाडी उभी केली. ती वखार मी वीस वेळा बघितली होती. पुढून येताना दिसतो तो नुसता ओंडक्यांचा ढीग. दुसऱ्या फेरीच्या गाड्या आल्या. बाकीच्या गाड्या ढिगाला वळसा घालून बोगद्याकडे वळल्या. लाल गाडी वळली नाही. ती सरळ ढिगामागे घुसली आणि दिसेनाशी झाली.

“दिसली?” मामाजी म्हणाले. “तिकून वाट हाये.”

मी उडी मारून टीव्हीपुढे सरकले. मामाजींनी गाडी तिच्या मागोमाग घातली. ओंडक्यांमागं वखारीला दार होतं, आणि आतून निघालेला कच्चा रस्ता डोंगर न फिरता थेट बोगद्याच्या पलीकडे उतरत होता. मी कंट्रोलर जवळजवळ हिसकावूनच घेतला. पहिल्या प्रयत्नात ओंडक्यांवर आपटले. दुसऱ्यांदा दार सापडलं, पण वेग जास्त झाला आणि दरीत गेले. मामाजी आता पलंगावरून उतरून माझ्या शेजारी खाली बसले होते, गुडघे विसरून. तिसऱ्यांदा ब्रेक टेकवला, गाडी आडवी झाली, दारातून सुईत दोरा जावा तशी गेली आणि मी लाल गाडीच्या बरोबरीनं उताराला लागले. ती डावीकडे, मी उजवीकडे. मी ओरडत होते, काय ते आठवत नाही. मामाजी जिभेनं टकटक करून जोडी हाकत होते. केसभर अंतरानं मी जिंकले.

इतका आनंद मला त्या खेळानं दोन दिवसांत दिला नव्हता. आणि तेवढ्यात पाठवलेलं परीक्षण आठवलं. लाल गाडी बेइमान नव्हती. तिला रस्ता माहीत होता आणि मला नव्हता, आणि मी सहाशे शब्दांत तिला चोर ठरवून बसले होते.

संपादकांना फोन लावला. मी बोलायच्या आधीच ते खुशीत म्हणाले, की परीक्षण फक्कड झालंय, ते बेइमानीचं वाक्यच मथळा केलंय, सदर तुमचंच समजा. मी अडखळत खरं काय ते सांगितलं. ते म्हणाले, इतकं कोण तपासायला जातंय? आणि बदलायचंच असेल तर पाचपर्यंत नवीन द्या, नाही तर त्या जागी दुसरं काही लावू. सदराचं मग पुढे बघू.

चार वाजून दहा मिनिटं झाली होती. सदर हातात आलं होतं, नुसतं गप्प बसायचं होतं. खरं सांगते, मला गप्प बसायचं होतं. मामाजींनी काय झालं ते विचारलं आणि मी सगळं सांगितलं.

“एका पटावर मी एका मानसाले बेइमान म्हनलो होतो,” ते म्हणाले. “झेंडीच्या आंधी जोडी सोडली म्हनून, साऱ्या मानसाईसमोर. मंग समजलं, झेंडी मलेच उशिरा दिसली होती. मी काई सांगाले गेलो नाई. त्यानं पटावर येनं सोडलं.”

मी लॅपटॉप उघडला. पहिलं वाक्य लिहिलं, ‘या खेळात मी वीस वेळा हरले आणि वीसही वेळा चूक माझी होती.’ पुढचं आपोआप येत गेलं. उलटी फेरी, वखार, दार, उतार, सगळं. पाचपैकी साडेचार गुण दिले. पाचाला चार मिनिटं कमी असताना पाठवलं. उत्तर आलं नाही.

रविवारी सकाळी पुरवणीत परीक्षण होतं, माझ्या नव्या वाक्यासकट. सदराबद्दल चकार शब्द नव्हता, आणि आजपर्यंत आलेला नाही. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. मामाजींनी ते ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचलं, पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग उठून धुतलेलं धोतर नेसले, टोपी घातली, पुरवणी घडी करून खिशात ठेवली आणि माझ्या नवऱ्याला मोटरसायकल काढायला सांगितली. कुठं जायचंय, असं त्यानं विचारलं. त्यांनी आठ कोसांवरच्या एका गावाचं नाव घेतलं, आणि तिथं एका माणसाला काही सांगायचं राहिलंय, असं म्हणाले.