खिळ्यावरची किल्ली

आधी तळहात यायचा, मग आवाज. मी कामात डोकं घालून बसलेला असायचो आणि टेबलाच्या कडेला खडूनं पांढरा झालेला एक तळहात उघडा व्हायचा. "बाबूजी, किल्ली."

सक्करदऱ्याच्या पलीकडे आमची शाळा होती. सत्तर सालानंतरचे दिवस. मी तिथं कारकून. मुली थोड्या, शिकवणाऱ्या बाई तिघीच. त्यांच्यासाठी इमारतीमागे एक संडास होता. बाहेरचे लोक घाण करतात म्हणून मुख्याध्यापकांनी त्याला कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या खुर्चीमागच्या खिळ्यावर आली. म्हणजे जिला जायचं तिनं भर ऑफिसात, चार पुरुषांसमोर, माझ्याकडे ती मागायची. तुम्हीच सांगा, कोण मागेल? बाकीच्या दोघी बाई मागत नसत. सकाळी घोटभर चहा घेऊन निघायच्या आणि घरी पोचेस्तोवर पाण्याला शिवायच्या नाहीत. मुलींचंही तेच. आणि ऊन नागपूरचं. आम्हाला हे दिसत नव्हतं असं म्हणणार होतो, पण ते खरं नाही. पाहिलं असतं तर दिसलं असतं.

किल्ली मागणाऱ्या या तिसऱ्या बाई नववी-दहावीला शास्त्र शिकवत. नव्या आल्या त्या दिवशी त्यांनी स्टाफरूमच्या माठातून पेलाभर पाणी घेतलं आणि उभ्याउभ्या, सगळ्यांसमोर, सावकाश संपवलं. त्यांच्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली होती, हे बाई यायच्या आधीच शाळेत पोचलेलं होतं. दोघा मास्तरांनी एकमेकांकडे पाहिलं. बाईंनी पेला विसळून पालथा ठेवला, आणि तासाभरानं माझ्या टेबलाशी येऊन तळहात उघडला. आम्ही चौघं एकदम कागदांत घुसलो.

त्यांचा आवडता शब्द 'काहून'. वर्गात भाषा पुस्तकातली, पण प्रश्न विचारायचा झाला की काहून. आभाळ निळं काहून, भाकरी फुगते काहून, तू काल आला नाहीस काहून. उत्तर घेतल्याशिवाय कुणाला सोडत नसत.

नववीचा वर्ग आणि माझं ऑफिस यांच्यामध्ये फळ्यांची पातळ भिंत होती, त्यामुळे त्यांचा तास मला फुकट ऐकायला मिळे. मूत्रपिंडं मी तिथंच शिकलो.

"पाठीकडे, कण्याच्या दोन्ही बाजूंना, मुठीएवढी दोन," त्या सांगत. "रक्त गाळतात असं पुस्तक म्हणते. पण चहाच्या गाळणीसारखी नाही हं. गाळणीले काय समजते? तुमची आई दिवाळीत पेटी कशी आवरते? आधी बरंच काही बाहेर काढते. मग कामाचं परत आत ठेवते आणि चिंध्या फेकून देते. तसं. साखर परत, लागेल तेवढं मीठ परत, पाणीही बरंच परत. उरली घाण, ती लघवीवाटे बाहेर. आता घाण वाहून न्यायले पाणीच नसलं तर?"

मुली खाली पाहून हसायच्या. 'लघवी' हा शब्द असा मोठ्यानं, बाईच्या तोंडून!

"हसून काय राहिल्या गं? पाणी प्या. आणि लागली की जा. दाबून ठेवाची नाही."

यकृताचा धडा आला तेव्हा नमुना समोरच होता. आमचा शिपाई नत्थू. त्याचे डोळे हळदीसारखे झाले होते आणि गळ्यात काविळीची माळ. ती माळ जसजशी लांब होते तसतशी कावीळ उतरते, असा हिशोब.

"पाहा बाई, बेंबीपर्यंत आली," नत्थू म्हणाला. "उतरून राहिली."

"माळ वाढते काहून, सांग."

"मंतर हाये ना त्यात."

"काड्या वाळून राहिल्या, गाठी सैल होऊन राहिल्या. माझ्या छत्रीले बांध, तिथंही वाढंल. छत्रीले झाली होती का कावीळ?"

सगळं ऑफिस हसलं. नत्थूही हसला. मग बाई त्याच्या उजव्या बरगडीखाली बोट दाखवत हळू आवाजात म्हणाल्या, "हे इथं आहे ना, यकृत, ते घरातल्या सोसणाऱ्या माणसासारखं आहे, नत्थू. पित्त तयार करते, साखर साठवते, तू जे जे पोटात ओततो त्याचं विष मारते. पण बोंबलत नाही. अर्धं मोडलं तरी काम करत राहते, आणि बोलते तेव्हा उशीर झालेला असते. डॉक्टरकडे जा. पाणी उकळून पी. आणि दारू बंद."

"थोडीशी तं औषध असते ना, बाई."

"औषध मी सांगितलं ते."

नत्थू दवाखान्यात गेला, दारू सोडली, बरा झाला. आणि शेवटपर्यंत माळेचेच गुण गात राहिला.

मी मात्र बोलणाऱ्यांतला नव्हतो. किल्ली द्यायची, किल्ली घ्यायची. एकदा किल्ली परत करताना त्यांनी माझ्या टेबलावरची डोकेदुखीची पुडी पाहिली.

"रोज घेता?"

"दुपारी डोकं चढते."

"दुपारी काहून चढते? सकाळपासून पाणी किती प्यालात?"

मला आठवेना.

"आधी पाणी प्या. असल्या पुड्या रोज घेतल्या की मूत्रपिंडाले सोसत नाही." आणि माठातला पेला भरून माझ्यासमोर ठेवला. त्या गेल्यावर मी तो प्यालो. किल्ली खिळ्यावर अडकवायच्या आधी जरा वेळ मुठीत धरली. त्यांच्या हातातली ऊब तिच्यात होती. इतकंच. यापलीकडे आमच्यात काही झालं नाही, आणि त्यांना यातलंही काही माहीत नव्हतं. त्यांच्या घराचं आणि आमच्या घराचं जमणं शक्य नाही, असं मी स्वतःला समजावत असे. खरं म्हणजे तोंड उघडायची हिंमत नव्हती.

त्या हिवाळ्यात एक दिवस बाई म्हणाल्या, "बाबूजी, ही किल्ली तुमच्या पाठीमागं काहून? मुलींच्या वर्गाबाहेर चौकटीले लटकवा. मी मागते, पण पोरी नाही मागत."

साधी गोष्ट होती. मुख्याध्यापकांनी मान वर न करता हो म्हटलं असतं. मी म्हणालो, "साहेबांना विचारून सांगतो."

विचारलं नाही. किल्ली चौकटीवर गेली की तो तळहात माझ्या टेबलाशी येणार नव्हता. पंधरा दिवसांनी त्यांनी आठवण करून दिली, तेव्हा म्हणालो, "साहेब विचार करून राहिले." पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. अन् बाईंनी विश्वास ठेवला.

मार्चात नववीची शेवंता तासाला बसल्या बसल्या थंडी वाजून थरथरायला लागली. अंगात ताप, आणि कमरेच्या वर, पाठीत कळा. बाईंनी सायकलरिक्षा बोलावली. सोबत पुरुषमाणूस हवा म्हणून मला घेतलं. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, पाणी पीत नाही, लघवी दाबून ठेवते, जंतू वर मूत्रपिंडापर्यंत चढलेत. भरती करावं लागेल.

बाई खाटेशी वाकल्या. "मी रोज सांगत होती ना शेवंता? काहून नाही गेली?"

पोरीनं डोळे मिटले. "बाबूले किल्ली मागाची लाज वाटे, बाई."

मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. हातात तिचं दप्तर होतं.

शेवंता वाचली. इंजेक्शनं झाली, ताप उतरला. पण तिचा बाप शाळेत आला तो नाव काढायलाच. "पोरगी जिवंत पायजे मले, मास्तरीण नाई," म्हणाला. तिचा शाळा सोडल्याचा दाखला मीच लिहिला.

बाप गेल्यावर बाई तडक मुख्याध्यापकांच्या खोलीत शिरल्या. दार उघडं होतं.

"किल्लीचा विचार कधी संपणार, सर?"

"कोणत्या किल्लीचा? मला तर कोणी काही विचारलं नाही."

बाई बाहेर आल्या. माझ्या टेबलाशी थांबल्या. मी वाट पाहत होतो. आभाळापासून भाकरीपर्यंत सगळ्यांना जो प्रश्न त्या विचारत, तो आता मला विचारणार, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा खरं सांगणार.

त्यांनी विचारलं नाही. नुसता तळहात पुढं केला. मी किल्ली ठेवली. त्यांनी स्वतः नत्थूच्या हातोडीनं मुलींच्या वर्गाबाहेर चौकटीत खिळा ठोकला. फळ्यांच्या भिंतीतून ठोके ऐकू येत होते.

त्यानंतर त्या दोन वर्षं शाळेत होत्या. माझ्या टेबलाशी आल्या नाहीत. उन्हाळ्यात मधली सुट्टी झाली की मुलींची माठाशी रांग लागायची. शेवंता त्या रांगेत नसायची. मग बाई मौद्याकडच्या शाळेत गेल्या. निरोपाचा चहा झाला, मी मागच्या खुर्चीवर होतो.

माझं पुढं लग्न झालं. बायको चांगली आहे. प्रवासाला निघताना ती पाणी पीत नाही, बायका पीत नाहीत तशी. मी तिला म्हणतो, "पी. लागली तर मी गाडी थांबवतो." मी खरोखर थांबवतो, कंडक्टरशी भांडून. अख्खी बस माझ्याकडे पाहते. आमच्यासारख्या मुखदुर्बळ माणसाला हे काय होतं म्हणून बायकोला अजून नवल वाटतं, पण काहून असं तीही कधी विचारत नाही.

ऑफिसात माझ्या त्याच टेबलावर आता पाण्याचा तांब्या असतो. पुड्या मी केव्हाच सोडल्या. दुपारी कामात डोकं घातलेलं असताना टेबलाच्या कडेला काही पांढरं हललं, की माझा हात अजून पाठीमागे जातो. तिथं खिळा आहे. नुसता खिळा.